खंडस्फुटित: एका गळक्या बस्तीसाठी बेळगाव आणि लक्कुंडीची वाट

शिरोळ तालुक्यातील आमच्या गावची पार्श्वनाथांची बस्ती गावाइतकीच जुनी आहे, असे सांगण्याची रीत आहे. गाव किती जुने, हे मात्र कोणी सांगत नाही. काळ्या दगडाचे चौदा खांब, वाकून शिरावे लागते असा गाभारा, मंडपाच्या छतावर पाषाणाच्या लांबरुंद शिळा आणि दाराशी कमरेइतक्या उंचीचा एक लेखस्तंभ, एवढाच तिचा पसारा. लेखस्तंभाला कधीकाळी कोणा भाविकाने पिवळा ऑइलपेंट लावला. हळेकन्नड अक्षरे त्या रंगाखाली अशी बुजली की, लहान मुले तो दगड पाठ टेकण्यासाठी वापरतात.

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात बस्तीत पाणी शिरले. उपाध्यांनी धातूच्या लहान मूर्ती आदल्या रात्री ट्रॅक्टरमधून हलविल्या. मूलनायक जागचे हलविता येत नाहीत. पाच दिवस भगवंत पाण्यातच उभे होते. कमठाने पुन्हा उपसर्ग मांडला, असे आमच्या वृद्ध जाऊबाई म्हणत आणि धरणेंद्र कधी येणार, असे उपाध्यांना विचारीत. पाणी ओसरले. २०२१ च्या जुलैत ते पुन्हा आले. परंतु खरी हानी पुराने केली नव्हती, हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळले. चाळीसएक वर्षांपूर्वी गळती थांबविण्यासाठी छतावर सिमेंटचा कोबा घातला होता. त्या कोब्याला तडे गेले, तड्यांतून पाणी शिरले आणि वरून सिमेंटने कोंडलेले ते पाणी बाहेर पडण्यास वाट न मिळाल्याने शिळांच्या सांध्यांत मुरत राहिले. आता पावसाळ्यात मंडपात सात ठिकाणी पातेली मांडावी लागतात. एका तुळईच्या पोटाला बोट शिरेल एवढी चीर आहे.

दोन वर्षांपूर्वी पर्युषणानंतर समाजाची बैठक झाली. विषय, जीर्णोद्धार. माझे धाकटे दीर मंडळाचे अध्यक्ष आहेत. त्यांनी मकराण्याच्या संगमरवरातील शिखरबद्ध मंदिराचे रंगीत चित्र सर्वांपुढे धरले. जुनी वास्तू उतरवायची, जोते दहा फूट उंच घ्यायचे, म्हणजे पुराची चिंता नको. खर्च २ कोटी ४० लाख. चहा येईपर्यंत शिखराचा कलश, मुख्य दरवाजा, चारही खांब आणि पायऱ्यादेखील कोणा ना कोणाच्या मातापित्यांच्या नावे बोलून झाल्या होत्या. मग मी उठून विचारले, आहे त्याच छताच्या दुरुस्तीला किती लागतील? एकाने हसून सांगितले, "वहिनी, गळतीवर कोणाच्या नावाची पाटी लावायची?"

प्रश्न थट्टेचा होता, पण त्यात मर्म होते. मी बँकेत ३१ वर्षे नोकरी केली. त्यातील निम्मी वर्षे कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात गेली. पैसा कोठे वाहतो आणि कोठे अडतो, हे मला थोडेफार कळते. मी बैठकीकडे सहा महिन्यांची मुदत मागितली. जुनी बस्ती राखण्यासाठी बाहेरून अनुदान मिळाले तर ती राखायची, न मिळाल्यास मी स्वतः पायऱ्यांसाठी एक लाख देईन, असे ठरले. दीर माझ्या विरोधात होते, तरी गाडी त्यांचीच होती आणि बाहेरगावी वहिनीला एकटे पाठविणे त्यांच्या मनास पटेना. त्यामुळे पुढचा सारा प्रवास आम्ही दोघांनी, वाद घालीत, एकत्र केला.

आरंभीचे दोन महिने तालुका आणि जिल्ह्याच्या कचेऱ्यांत गेले. त्याचे वर्णन थोडक्यात आटोपते. खासदारांच्या निधीतून प्रार्थनास्थळाच्या आत काम करता येत नाही, असा नियम आहे. 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळाला तर पैसा मिळू शकतो, पण तो रस्ता, भक्तनिवास, स्वच्छतागृह यांसाठी. स्वागत कमान सुचविणारे भेटले, सभामंडप सुचविणारे भेटले, अंगणात पेव्हिंग ब्लॉक तर जो तो सुचवी. देवाच्या डोक्यावरचे छत सोडून सगळ्याला पैसा होता. दीर गाडीत बसताना म्हणाले, "बघा वहिनी, सरकारलाही नवेच हवे आहे."

कोल्हापुरात जुन्या वास्तूंचे काम करणाऱ्या एका वास्तुविशारद बाईंची भेट झाली, तेव्हा प्रथम कोणी मला योग्य प्रश्न विचारले. बस्ती केंद्र संरक्षित आहे, राज्य संरक्षित आहे, की असंरक्षित? मालकीचा कागद कोणाच्या नावे? मोजमापाची रेखाचित्रे आहेत का? वास्तू किती जुनी आहे याचा पुरावा काय? आणि तुमचा स्वतःचा वाटा किती? यांतील एकाचेही उत्तर माझ्यापाशी नव्हते. समोर कर्जदार बसला असता तर मी त्याला दुसऱ्या मिनिटाला परत पाठविले असते.

त्यांनी मला जे समजावले ते आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या उपयोगी पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. १९५८ च्या कायद्याने संरक्षित झालेल्या स्मारकाची डागडुजी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करते. तेथे आपण खिळाही ठोकू शकत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याच्याभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील दोनशे मीटर परवानगीच्या अधीन आहे. अशा स्मारकांना देणगी द्यायची असेल तर १९९६ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय संस्कृती निधी आहे. दात्याला कोणत्या वास्तूसाठी पैसा द्यायचा हे ठरविता येते आणि त्या देणगीवर आयकरात पूर्ण सूट मिळते. महाराष्ट्रात राज्य संरक्षित स्मारकांसाठी 'महाराष्ट्र वैभव' ही संगोपनाची योजना आहे. आमची बस्ती यांतील कशातच बसत नव्हती. देशातील बहुसंख्य जुनी मंदिरे, बस्त्या, वाडे, बारवा अशाच आहेत, कोणाच्याच यादीत नसलेल्या. त्यांना सरकारचा हात नाही आणि सरकारची आडकाठीही नाही.

मग राहतो तो कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंची पुनःस्थापना स्पष्ट शब्दांत नमूद आहे. हे ऐकून दिरांचे डोळे चमकले, कारण आमच्या भागात साखर कारखान्यांना तोटा नाही. परंतु बाई म्हणाल्या, ते कारखाने बहुतेक सहकारी आहेत. सहकारी संस्था म्हणजे कंपनी नव्हे, त्यांना हा कायदा लागू नाही. विचारायचे ते कोल्हापूर-इचलकरंजीच्या फाउंड्री आणि सूतगिरण्यांतील ज्या खरोखर कंपन्या आहेत त्यांना. शिवाय केवळ पूजास्थान म्हणून गेलात तर दार उघडणार नाही, ऐतिहासिक वास्तू म्हणून गेलात तर उघडेल. निधी स्वीकारणाऱ्या न्यासाजवळ १२-अ आणि ८०-जी नोंदणी हवी आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. आमच्या न्यासाचा अनुभव वार्षिक महाप्रसादापलीकडचा नव्हता. म्हणजे इंटॅकसारखी जुनी संस्था मध्ये घेणे आले.

निघताना बाईंनी एक गोष्ट सांगितली. शिलाहार विजयादित्याच्या काळातील, ११४३ चा, एक संस्कृत शिलालेख कोल्हापुरात आहे. त्यात पार्श्वनाथांच्या बस्तीला दिलेल्या शेताचा आणि घराचा उल्लेख आहे. दान कशासाठी, तर अष्टविध पूजेसाठी, तेथे राहणाऱ्या मुनींच्या आहारासाठी आणि 'खंडस्फुटित' झालेल्या भागाच्या जीर्णोद्धारासाठी. खंड म्हणजे मोडलेले, स्फुटित म्हणजे तडकलेले. तो शब्द माझ्या मनात घर करून बसला. आपल्या भागातील कितीतरी दानलेखांत तो येतो, जणू छापील नमुन्यातील रकाना असावा तसा. बस्ती बांधणाऱ्याला ती बांधतानाच ठाऊक होते की, ती एक दिवस तडकणार. म्हणून त्याने पूजेच्या बरोबरीने दुरुस्तीचे उत्पन्न लावून दिले. आम्ही मात्र जीर्णोद्धार हा शब्द ऐकला की प्रथम जेसीबीचे भाडे विचारतो.

दिरांना हे पटले नाही. जुने पुरावे हवे असतील तर डोळ्यांनी पाहू, असे म्हणून त्यांनीच बेळगावचा बेत काढला.

बेळगावच्या किल्ल्यात खंदक ओलांडून शिरले की, रहदारीचा आवाज एकदम मागे पडतो. लष्कराची हद्द, चिंचेची आणि वडाची मोठी झाडे, आणि त्यांच्यामध्ये कमलबस्ती. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ती १२०४ च्या सुमारास बांधविली. बाहेरून तिचे रूप साधे, किंचित बसके. मुखमंडपात शिरून वर पाहिले, तेव्हा दीर बोलता बोलता थांबले. छतातून दगडी कमळ खाली लोंबते आहे. पाकळीखाली पाकळी, आणि पाकळ्यांवर बहात्तर तीर्थंकर, भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन चोविशींचे. गाभाऱ्यात काळ्या पाषाणातील नेमिनाथ. आम्ही णमोकार म्हटला. नंतर दीर कितीतरी वेळ मान वर करून पाकळ्या मोजीत होते. बहात्तर काही त्यांना जुळेनात. एकदा ६८ आले, एकदा ७४. शेवटी मानेला कळ लागली, तेव्हा त्यांनी पूर्वजांवर विश्वास ठेवला.

शेजारीच दुसरी एक बस्ती आहे, चिक्कीबस्ती. म्हणजे धाकटी. ती त्याच काळची, त्याच हातांची असावी. तिचा दर्शनी भाग तेवढा सुंदर उभा आहे. मागचे बरेचसे कोसळले आहे. दोन बहिणींपैकी एकीचे छत टिकले, एकीचे नाही. मी दिरांना काही म्हटले नाही. त्यांनी स्वतःच तिच्या मोकळ्या जोत्यावर बसून डबा उघडला आणि निम्मे जेवण होईपर्यंत ते गप्प होते.

या बस्तीचे दानलेख आज बेळगावात नाहीत. १२०४ च्या दोन शिला लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांचे वाचन 'एपिग्राफिया इंडिका'त शंभर वर्षांपूर्वीच प्रसिद्ध झाले. त्यांत कार्तवीर्य आणि त्याचा भाऊ मल्लिकार्जुन यांनी बस्तीचे आचार्य शुभचंद्र भट्टारक यांना दान दिल्याची नोंद आहे, आणि वेणुग्रामच्या, म्हणजे बेळगावच्या, व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर लावून दिलेल्या वाट्याचीही. माझ्यातील बँकवालीला ही दुसरी नोंद राजाच्या दानाहून मोलाची वाटते. राजाचे दान एकदाच होते. बाजारात माल येत राहील तोवर वाटा येत राहतो. कोल्हापुरातही ११३५ मध्ये निंबदेवाने बांधलेल्या पार्श्वनाथ बस्तीला मिरजेसारख्या गावांतील व्यापाऱ्यांनी असाच कायमचा वाटा लावून दिल्याचा लेख आहे. आपण आज ज्याला मुदत ठेव म्हणतो ते त्यांनी बाजारपेठेत गुंतविले होते.

त्या रात्री बेळगावला नातेवाइकांकडे राहिलो. कर्नाटकात एक वेगळीच व्यवस्था आहे, हे तेथे समजले. धर्मस्थळाचे हेग्गडे घराणे जैन आणि धर्मस्थळ शिवाचे, हे आपल्याला माहीत असते. पण त्यांच्याच श्री धर्मस्थळ मंजुनाथेश्वर धर्मोत्थान न्यासाने आजवर दोनशेहून अधिक जुन्या वास्तूंचे काम केले आहे, हिंदू मंदिरे आणि जैन बस्त्या दोन्हींचे. खर्चाची वाटणी ठरलेली. चाळीस टक्के राज्य सरकार, चाळीस टक्के न्यास, वीस टक्के गावकरी. शिळा उतरवायच्या, त्यांच्यावर क्रमांक घालायचे, पाया सावरायचा आणि पुन्हा त्याच शिळा त्याच जागी चढवायच्या. आमच्यासाठी यापेक्षा नेमके काय हवे होते? परंतु योजना कर्नाटकातील वास्तूंसाठी. आमच्या गावापासून राज्याची सीमा सायकलने जाण्याइतकी जवळ आहे. सीमाप्रश्नावर इतकी वर्षे ऐकलेली भाषणे एका बाजूला आणि त्या रात्री वाटलेली हळहळ दुसऱ्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी धारवाड-हुबळीवरून गदगला आणि तेथून लक्कुंडीला गेलो. रस्ताभर काळी जमीन, तिच्यावर कापूस आणि मिरची. गावात शिरताच घरांच्या भिंतींत कोरीव दगड दिसू लागतात. कोठे देवळाचा खांब गोठ्याला लावलेला, कोठे मूर्तीची प्रभावळ पायरी झालेली. येथील ब्रह्मजिनालय अत्तिमब्बेने बांधविले. तिचा लेख १००७ चा आहे. पतीच्या निधनानंतर तिने आयुष्य धर्माला वाहिले. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या तिने हजार प्रती लिहवून वाटल्या. रन्नाला आश्रय दिला, म्हणून त्याचे अजितपुराण झाले. 'दानचिंतामणी' ही पदवी तिला उगाच मिळाली नाही. जिनालय करड्या-हिरवट दगडाचे, नाजूक आणि उंच. मंडपात चतुर्मुख ब्रह्म आणि पद्मावती यांच्या मूर्ती आहेत. पुरातत्त्व खात्याचे फलक, कापलेली हिरवळ, सर्व नीटनेटके. मला मात्र त्या हजार प्रतींचेच कौतुक अधिक. पुस्तक एका प्रतीत राहिले तर वाळवी खाईल, हे तिने ओळखले होते. जुन्या गोष्टी राखण्याची तिची बुद्धी बांधण्याच्या हौसेपेक्षा पुढे गेलेली होती.

येथील एका माहीतगार गृहस्थाने माझ्या मोबाइलवर आमच्या लेखस्तंभाचे छायाचित्र पाहिले. रंग न लागलेल्या कोपऱ्यातील दोन ओळी त्यांनी मोठ्या करून पाहिल्या. वळण बाराव्या-तेराव्या शतकाचे दिसते, एवढेच ते म्हणाले, आणि तो रंग घासून काढू नका, रॉकेल लावू नका, जाणकाराकडून उतरवून घ्या, असे तीनदा बजावले. दिरांनी तेव्हाच गावी फोन लावला. "त्या दगडाला कोणी हात लावू नका, पोरांनाही टेकू देऊ नका," हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकले आणि प्रवासाचा खर्च वसूल झाला असे मला वाटले.

परंतु खरी अडचण घरातच निघाली. परत आल्यावर मी ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा काढला. बस्तीपुढे न्यासाचे नाव नव्हते. वहिवाटदार म्हणून आमच्या आजेसासऱ्यांचे नाव होते. न्यासाच्या नोंदणीत बस्तीचा उल्लेख होता, पण क्षेत्रफळ आणि चतुःसीमा कोऱ्या. असा कागद घेऊन कोणत्याही दात्यापुढे गेले तर तो पहिल्याच पानावर थांबेल. नाव कमी करण्यासाठी सर्व वारसांच्या संमतीची सही हवी होती, आणि वारस अकरा. दिरांच्या दृष्टीने तो उतारा म्हणजे घराण्याचा मान होता. आजोबांनी सांभाळलेली बस्ती, त्यांचे नाव कागदावरून पुसायचे कसे? ते चार दिवस आमच्याकडे चहाला आले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी कागद मागवून त्यांनी पहिली सही केली आणि उरलेल्या दहा सह्यांसाठी पुण्यापर्यंत स्वतः जाऊन आले. मी कारण विचारले नाही. जाऊबाईंच्या मते चिक्कीबस्तीच्या जोत्यावरचा तो डबा त्यांच्या अजून घशाखाली उतरला नसावा.

मुदत संपल्यावर पुन्हा बैठक झाली. आमच्या हातात अनुदान नव्हते. हातात होती ती मोजमापाची अकरा रेखाचित्रे, तडकलेल्या तुळईचा अहवाल, दुरुस्त केलेला उतारा आणि ५२ लाखांचा तीन टप्प्यांतील अंदाज. पहिला टप्पा १४ लाखांचा. छतावरचा कोबा हळूहळू उतरविणे, सांधे चुन्याने भरणे, तुळईला आधार देणे. चुना घाणीत मळायचा, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालायचे, आणि तो मुरेपर्यंत घाई करायची नाही. एका उद्योगाने तत्त्वतः होकार दिला आहे, पण पंचवीस टक्के आम्ही घातल्यावाचून त्यांचा पैसा सुटणार नाही. उंच जोत्याचे काय, असे कोणी विचारले. पुराचे पाणी येईल तसे जाईल, दगडाला ते नवे नाही, पण वरचे पाणी कोंडून राहू देऊ नका, हे वास्तुविशारद बाईंचे वाक्य मी सांगितले. सर्वांचे समाधान झाले नाही. कलश बोललेल्या दोन कुटुंबांनी रक्कम मागे घेतली, हेही खरे.

तेव्हा दिरांनी एक गोष्ट काढली. पाटी कोणाचीच नको. गावातील प्रत्येक जैन कुटुंबाने उसाच्या बिलातून टनामागे पाच रुपये बस्तीच्या ठेवीत टाकायचे, दर हंगामाला, आणि त्या ठेवीचे व्याज फक्त मोडलेल्या-तडकलेल्यासाठी. ज्याचा ऊस नाही त्याने इच्छेप्रमाणे द्यावे. पाच की तीन यावर तासभर वाद झाला. तीन ठरले.

आमच्या वाट्याचे साडेतीन लाख या हंगामात पुरे होणार नाहीत. सध्या छतावर निळी ताडपत्री बांधली आहे, पातेली सातवरून चारवर आली आहेत आणि लेखस्तंभाभोवती उपाध्यांनी बांबूचे कुंपण केले आहे. मुले आता कुंपणाला टेकून बसतात.